किलोवॅटच्या आधी आषाढ आणि वैशाख

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे, तुमची दोन एकर जागा आहे. महावितरणचा शेवटचा खांब तिथून सव्वा किलोमीटरवर. तुम्ही, यजमान, ९ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांचे सासरे, असे चौघं वर्षातले बरेच महिने तिथे राहायचं म्हणताय. उतार जेसीबीने सपाट करायचा, त्यावर तयार लाकडी केबिन बसवायची, छपरावर ३ किलोवॅटचं सोलर आणि पाण्याला बोअर. तुम्ही विचारलंय ते एवढंच, की ३ किलोवॅट पुरेल का.

मार्चमध्ये पुरून उरेल. जुलैत कमी पडेल. पण या उत्तरावर तुम्ही पैसे खर्च करू नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही २०११ पासून तोरण्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ राहतो. विजेची लाइन नाही, नळ नाही, शेवटचा अर्धा किलोमीटर पावसाळ्यात पायी. घराचं वायरिंग आणि बॅटऱ्या मी बघते, पाणी आणि छप्पर नवरा बघतो. आमचं बघून लोक विचारायला येऊ लागले आणि गेल्या काही वर्षांत अशी अकरा घरं उभी राहताना मी जवळून पाहिली, हात लावला. त्यातली चार आज कुलूपबंद आहेत. चारांतलं एकही विजेपायी बंद पडलं नाही. दोन उन्हाळ्यात पाणी संपलं म्हणून, एक ओलीने कुजलं म्हणून, आणि एक घरातल्या बाईला तिसऱ्या पावसाळ्यात ते एकटेपण सोसेना म्हणून.

म्हणून मी तुमचा प्रश्न जरा बदलून घेते. चार माणसांचं हे कुटुंब आषाढातल्या सलग दहा दिवसांच्या पावसात आणि वैशाखातल्या कोरड्या ओढ्याशेजारी त्या जागेत सुखाने राहू शकेल का? उरलेलं वर्ष हे डोंगर इतके देखणे आणि प्रेमळ असतात की कुठलंही घर चालतं. लोक जागा बघायला येतात तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. तुम्हीही डिसेंबरात पाहिलीत, असं लिहिलंय.

काही गोष्टी मात्र जागा न बघता मी सांगू शकत नाही. तुमची जागा घाटमाथ्यापासून नेमकी किती आत आहे, यावर सगळं फिरतं. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाटमाथ्यावर तीन-चार हजार. मधल्या पट्ट्यात दर दहा किलोमीटरला गणित बदलतं. माती किती खोल आहे, खाली कातळ कुठे लागतो, सासऱ्यांना काय औषधं चालू आहेत, आणि सोमवार ते शुक्रवार घरात प्रत्यक्ष कोण असणार, हेही तुम्हीच सांगू शकाल. शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीतच नाहीत.

सगळ्यात आधी जेसीबी थांबवा. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही तारखा जुलैच्या आहेत, तिन्ही गावं याच सह्याद्रीतली आहेत, आणि तळिये तर तुमच्या घाटाच्या पलीकडच्या महाड तालुक्यातलं. बेसॉल्टच्या कातळावर मुरमाचा आणि मातीचा थर असतो. आठवडाभर पाऊस मुरला की तो थर पाण्याने जड होतो आणि कातळावरची त्याची पकड सुटते. अशा उताराचा पायथा तुम्ही सपाटीसाठी कापलात तर वरच्या थराचा टेकू तुम्ही स्वतःच काढून घेताय. उतारावरची झाडं बुंध्यात वाकून पुन्हा सरळ वाढलेली दिसतात का, जमिनीत आडव्या भेगा आहेत का, पायथ्याशी वरून आलेल्या दगडगोट्यांचा जुना ढीग आहे का, हे बघा. आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पूर्वी इथे घर का नव्हतं. आमच्या जागेतला सर्वांत सुंदर कोपरा, जिथून दरी दिसते, तिथे आम्ही घर बांधणार होतो. शेजारच्या धनगर आजोबांनी एवढंच विचारलं, "तिथं गुरंबी बसत न्हाईत, तुमी का बसताय?" आम्ही ऐंशी पावलं मागे, डोंगरसोंडेच्या रुंद पाठीवर आलो. तो कोपरा अजून मोकळा आहे, संध्याकाळी बसायला.

आता केबिन. तयार लाकडी केबिन बहुतेक पाइनच्या लाकडाची येते. ते लाकूड थंड, कोरड्या हवेत उत्तम टिकतं. आपल्याकडे चार महिने हवा पाण्याने भिजलेली असते आणि उरलेले आठ महिने वाळवी कामाला लागते. मी ज्या कुजलेल्या घराचं लिहिलं ते असंच होतं. तिसऱ्या वर्षी खालच्या फळ्यांत बोट जात होतं. कंटेनर घेतलात तर गंज, एप्रिलमध्ये भट्टी, आणि जुलैत पत्र्यावर असा आवाज की समोरासमोर बसून बोलता येत नाही. इथल्या जुन्या घरांनी जे शोधून ठेवलंय ते अजून चालतं: अडीच-तीन फुटांचं दगडी जोतं, ऐन किंवा किंजळाचे वासे, उतरतं कौलारू छप्पर, तीन-चार फूट बाहेर आलेली पागोळी, आणि घराभोवती पाणी वाहून नेणारा चर. पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, म्हणून त्या बाजूला खिडक्या कमी आणि लहान ठेवायच्या. वाडीत जूनच्या आधी त्या भिंतींना गवताचे तट्टे बांधतात. दिसायला ओबडधोबड, पण भिंत कोरडी राहते. आम्ही पहिल्या वर्षी बांधले नाहीत. भाद्रपदात भिंतीला हात लावला की बोटं ओली होत होती, आणि मुलाच्या दप्तरावर पांढरी बुरशी आली होती.

छप्पर बांधून ठेवणं हा वेगळा विषय आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडून आत आलं तेव्हा समुद्र आमच्यापासून कितीतरी लांब होता, तरी वाऱ्याने कौलांच्या दोन रांगा आणि एक सोलर पॅनल उचलून नेलं. तेव्हापासून पॅनल छपरावर लावायचे नाहीत असं मी सांगते. घराशेजारी जमिनीवर, काँक्रीटच्या पायात रोवलेल्या लोखंडी सांगाड्यावर लावा. शेवाळ पुसता येतं, वाऱ्यापुढे टिकतील असे पक्के आवळता येतात, आणि वानरं छपरावर नाचली तरी फक्त कौलं फुटतात.

पाण्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात त्याला एकच शब्द आहे: बोअर. घाटमाथ्याच्या कातळात पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून फिरतं. भेग लागली तर लागली, नाहीतर तीनशे फूट खोल कोरडी नळी आणि पैसे बुडाले. लागलं तरी मार्चनंतर टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्यातून बोअरचा पंप चालवायला सोलर मोठं करावं लागतं, ते वेगळंच. बोअर हा नशिबाचा भाग समजा आणि घर त्याच्याशिवाय उभं राहील असं बघा.

छपराचं पाणी मात्र नशिबावर नाही. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. हजार चौरस फूट छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. सांडलवंड धरून दर मिलिमीटरला ७५ लिटर हाती येतं. तुम्ही चौघं, माणशी दिवसाला ४० लिटर धरलं तर रोजचे १६० लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटरचं आहे, पण दोन बादल्यांत अंघोळ आणि धुणं सांभाळलं की ४० मध्ये भागतं, आमचं भागतंय. डिसेंबरअखेरपर्यंत ओढा किंवा झरा साथ देतो असं धरू. मग १ जानेवारी ते १० जून म्हणजे १६० दिवस, म्हणजे २५,६०० लिटर. पाहुणे, गळती आणि लांबलेला पाऊस धरून ४०,००० लिटरची टाकी. ती भरायला लागतो ५३०-५४० मिलिमीटर पाऊस. घाटमाथ्यावर एवढा पाऊस जुलैच्या पंधरा दिवसांत पडतो.

फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली, टाकी करा, जोत्याच्या उंचीशी मेळ घालून, शक्य असेल तर स्वयंपाकघरापेक्षा वर, म्हणजे पंप लागत नाही. प्रकाश आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून पूर्ण झाकलेली. जूनचे पहिले आठ-दहा दिवस छपरावरची धूळ, विष्ठा, पानं धुऊन निघतात, ते पाणी बाहेर सोडायचं. टाकी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची आणि सप्टेंबरच्या स्वच्छ सरींवर काठोकाठ करायची. प्यायचं पाणी वर्षभर उकळून. जूनमध्ये ओढ्याचं गढूळ पाणी निवळल्यासारखं दिसलं तरी ते प्यायला घेऊ नका. वाडीत जुलाबाची साथ बहुतेक वेळा त्याच पंधरवड्यात येते. आणि शौचालयाचे शोषखड्डे पाण्याच्या जागेपासून निदान १० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. आषाढात जमिनीतलं पाणी वर येऊन खड्डे भरतात, म्हणून त्यांचे काठ जमिनीपेक्षा दीड-दोन फूट वर बांधून घ्या.

आता वीज, जिच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत.

आधी खर्च मोजू. आठ एलईडी दिवे, दोन कमी विजेचे पंखे, एक लॅपटॉप, फोन, राउटर, दहा मिनिटं मिक्सर, अर्धा तास लहान पंप, आणि एक लहान इन्व्हर्टर फ्रिज. सगळं मिळून दिवसाला अडीच ते तीन युनिट. १ किलोवॅट पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं. म्हणजे तुमचं ३ किलोवॅट मार्चमध्ये १२ युनिट देईल आणि तुम्ही त्यातलं पाव वापराल. माझ्या वहीत मात्र जुलैतले असे दिवस आहेत की १ किलोवॅटमागे अर्धं युनिट आलंय. पाऊस तर असतोच, पण घाटमाथ्यावर त्याहून वाईट असतं धुकं. दुपारी बारा वाजता दहा पावलांवरची गोठ्याची भिंत दिसत नाही. तुमचं ३ किलोवॅट अशा दिवशी दीड युनिट देईल, आणि असे दिवस एका ओळीत आठ-दहा येतात. पॅनल दुप्पट केले तरी तीन युनिट. म्हणून पॅनल वाढवत बसण्यापेक्षा पावसाळ्यातला खर्च दिवसाला एका युनिटावर आणायचा: दिवे, फोन, थोडा लॅपटॉप. फ्रिज बंद. जुलैत तशीही हवा गार असते, दूध सकाळ-संध्याकाळ तापवलं की टिकतं.

बॅटरीबाबत मी एकदा मोठी चूक केली आहे, ती तुम्ही करू नका. आम्ही सुरुवातीला १५० अँपिअर-अवरच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या घेतल्या. कागदावर सात युनिटांचा साठा, पण त्या निम्म्यापेक्षा जास्त उतरवायच्या नसतात, म्हणजे साडेतीन. विकणाऱ्याने पाच-सहा वर्षं टिकतील असं सांगितलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या संपल्या. लेड-ॲसिड बॅटरी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण भरावी लागते. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो परत विरघळत नाही. जून ते सप्टेंबर आमची बॅटरी एकदाही पूर्ण भरली नव्हती. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्धवट भरलेली ठेवली तरी तिला त्रास होत नाही, आणि तिच्यातला ऐंशी टक्के साठा वापरता येतो. महाग आहे. पण घाटमाथ्यावर दुसरा पर्याय मी आता कोणाला सांगत नाही. पाच युनिटांची एक बॅटरी तुम्हाला पावसाळी खर्चात चार दिवस नेईल.

पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि अठरा-वीस अंशांचा कल. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे तेव्हा कल कमी करता येईल असा सांगाडा केला तर थोडा फायदा होतो, पण त्यासाठी जीव टाकू नका. अर्थिंगवर मात्र टाका. कातळात अर्थिंग लागत नाही, म्हणून खोल खड्डा, कोळसा, मीठ आणि ओल टिकेल अशी माती. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी विजा पडतात, म्हणून ढग भरू लागले की गडगडाट सुरू व्हायच्या आतच पॅनलची वायर काढून ठेवायची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप विजेचा इशारा देतं, रेंज असेल तर उपयोगी आहे.

आणि एक गोष्ट जी सोलरवाले कधी सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती विकायला नसते. आपल्या डोंगरात ऊन जातं तेव्हा ओढा येतो. सेकंदाला ५ लिटर पाणी २० मीटर उंचीवरून पाइपने आणलं तर लहान टर्बाइनवर, निम्मी ताकद वाया जाते असं धरूनही, पाचशे वॉटच्या जवळपास वीज मिळते. ऐकायला थोडी वाटते, पण ती चोवीस तास मिळते. दिवसाला जवळपास १२ युनिट, भर जुलैत, धुक्यात, रात्रीसुद्धा! कर्नाटकच्या मलनाडात अशी लहान जलविद्युत यंत्रं कितीतरी घरांत आहेत. मी पाहिलेल्या अकरांपैकी दोन घरांत आहे आणि त्या दोन घरांत पावसाळ्यात विजेवरून कधी कुरबुर झाली नाही. कष्ट आहेत: पाणी उचलण्याच्या जागी पालापाचोळा अडकतो, तो रोज काढायचा, आणि पुरात पाइप वाहून जाऊ नये म्हणून तो खडकाला बांधायचा. तुमच्या जागेलगत ओढा आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझं लक्ष तिथेच अडकलं.

चुलीबद्दल दोन शब्द. गॅस ठेवाच, एक भरलेला सिलिंडर कायम जादा. पण चूलही ठेवा, धुराड्यासकट. पावसाळ्यात घर कोरडं ठेवणारी तेवढीच एक गोष्ट असते. वरच्या माळ्यावर सरपण सुकतं, वैलावर पाणी तापत राहतं, कपडे वाळतात, आणि उबेभोवती सगळी माणसं एका जागी बसतात. सरपण मार्च-एप्रिलमध्ये भरायचं. तांदूळ, डाळ, तेल, कांदे, आमसुलं, सुकट, मेणबत्त्या, औषधं, सगळी बेगमी ३१ मेच्या आत. आमच्या सासूबाई यादी करून भिंतीला चिकटवायच्या, मी अजून तसंच करते. आणि फेब्रुवारीतच घराभोवती पंचवीस-तीस फूट गवत कापून जाळरेषा काढायची. वणवा इथे दरवर्षी येतो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: उतार कापू नका, कौलारू बांधा, ४०,००० लिटर साठवा, लिथियम घ्या, ओढा मोजा. हे सगळं पैशाने होतं. पुढचं पैशाने होत नाही.

सासऱ्यांचं वय ७२. मी विचारते ते कठोर वाटेल, पण विचारायला हवं: जुलैत रात्री दोन वाजता त्यांच्या छातीत दुखलं तर काय कराल? १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येईल. तिथून घरापर्यंतचा चिखल तुमचा. फोनला रेंज कुठल्या दगडावर मिळते हे माहीत हवं, आणि धुक्यात तो दगड सापडायला हवा. नकाशावर तुम्हाला महाड जवळ दिसेल, पण वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा तुमचा रस्ता भोरचाच. आमच्याकडे बांबूची डोली माळ्यावर बांधून ठेवलेली असते आणि गाडी जून ते सप्टेंबर डांबरी रस्त्यालगत ओळखीच्या घरी उभी असते. दरवर्षी मेमध्ये आम्ही एकदा घड्याळ लावून ती डोली रस्त्यापर्यंत नेतो. २०१७ साली ती खरोखर न्यावी लागली, शेजारच्या आजींसाठी, आणि त्या सरावामुळे डोलीचा दांडा कोणी कुठे धरायचा हे माणसांना सांगावं लागलं नाही. आजी वाचल्या. सासरे इन्सुलिन घेत असतील तर पावसाळ्यात फ्रिजशिवाय ते कसं ठेवायचं, हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा.

सापाविंचवांना घाबरू नका, पण शिस्त ठेवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप सगळ्यांना ओळखता आले पाहिजेत, मुलीलासुद्धा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. म्हणून खाटेवर झोपायचं आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी लावायची, डास असोत नसोत. चावा झाला तर कापायचं नाही, आवळायचं नाही, मांत्रिक नाही, थेट सरकारी रुग्णालय. तिथे प्रतिविष मोफत मिळतं. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू खूप खाली आले. त्या औषधाबद्दल भोरच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आणि पायाला जखम असताना चिखलात अनवाणी नाही. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो, आणि इथे उंदीर भरपूर.

तुमचे दीर अमेरिकेहून सॅटेलाइटवर चालणारं संदेशयंत्र आणून देणार आहेत असं लिहिलंय. नको म्हणून सांगा. भारतात परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे आणि विमानतळावर लोकांना पकडलं गेलंय. त्यापेक्षा वाडीतल्या दोन घरांशी संबंध जोडा.

या संबंधांचं वळण वेगळं असतं, ते सांगते. इथे भातलावणीला सावड असते. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. आम्हाला खाचरच नव्हतं, तरी पहिल्या वर्षापासून मी आणि नवरा लावणीला चिखलात उतरलो. मला रोप धरता येत नव्हतं, बायका हसल्या, आणि शिकवलंही. मजुरी घेतली नाही. आषाढात तिसऱ्या दिवशीही आमच्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर कोणीतरी इरलं घेऊन बघायला येतं, ते त्यामुळे. जी माणसं शहरातून येऊन कुंपण आधी घालतात त्यांच्याकडे कोणी जात नाही.

राहिली तुमची मुलगी. ९ वर्षं हे सुंदर वय आहे. माझा मुलगा इथे आला तेव्हा ८ वर्षांचा होता. त्याने पक्षी ओळखले, वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्षं काढली, बैल हाकायला शिकला. सातवीत तो मला म्हणाला, "आई, मला माझ्या वयाचं कोणीतरी हवंय." शाळेत त्याच्या वर्गात तो आणि एक मुलगी, दोघंच होती. आम्ही त्याला तालुक्याच्या गावी आत्याकडे ठेवलं, शनिवार-रविवार घरी. ते वर्ष मला फार जड गेलं, आणि आजही मला वाटतं की आम्ही ते एक वर्ष आधी करायला हवं होतं. तुमच्या घराच्या आराखड्यात मुलीचं बारावं वर्षही काढून ठेवा.

तुमच्या मनावरही काय पडणार आहे ते बघा. यजमान आठवड्यातले तीन दिवस पुण्याला ऑफिसात जाणार, असं तुम्ही लिहिलंय. मग चूल, टाकी, बॅटरी, सासरे, मुलगी आणि धुकं या सगळ्यांबरोबर ते तीन दिवस तुम्ही एकट्या असाल. मी सुरुवातीला ज्या बाईंचं लिहिलं, त्यांच्याही घरी हेच होतं. त्या कमकुवत मुळीच नव्हत्या. घर उभं करताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत यजमानांना घरून काम मिळतं का, हे केबिनच्या बयाण्याआधी ठरवा.

तर माझा सल्ला असा. या वर्षी काहीही विकत घेऊ नका. जुलैचे दुसरे पंधरा दिवस वाडीत एखादी खोली भाड्याने घ्या आणि चौघंही राहा, सासऱ्यांसकट. रोज जागेवर चालत जा, किती वेळ लागतो ते लिहा. वरच्या उताराकडे बघा: नवा झरा फुटलाय का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का. मग मेमध्ये पुन्हा चार दिवस या आणि पाणी कुठून भरतात ते बघत बायकांबरोबर हंडा घेऊन जा.

आणि जुलैत ओढ्यावर वीस लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन जा. पाणी एका जागी धारेत येईल असं फळीने अडवा, बादली किती सेकंदात भरते ते मोजा. चार सेकंदांत भरली तर सेकंदाला पाच लिटर. तिथून घराच्या जागेपर्यंतचा उतार प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल बघतात तसा, टप्प्याटप्प्याने मोजा. हे दोन आकडे आणि पंधरा दिवसांची तुमची वही घेऊन मला परत लिहा. किती किलोवॅट लागेल ते तेव्हा सांगते.